चौथं ‘व्हय म्हाराजा’

मी पोलिसात होतो म्हटलं की लोक पहिला प्रश्न हाच विचारतात, चळवळीच्या दिवसांत तुम्ही किती जणांना झोडपलंत. खरं उत्तर असं, की आख्ख्या नोकरीत माझी काठी एका शेळीच्या पाठीवर पडली, तीही हलकीच. ती शेळी सरकारी जाहीरनामा खात होती.

एकोणीसशे तीस सालचा वैशाख होता तो. रत्नागिरीत जाहीरनामा लागला होता, की पाच किंवा त्याहून जास्त माणसांनी एकत्र जमायचं नाही, भाषण करायचं नाही, घोषणा द्यायच्या नाहीत. लग्न, मयत आणि देवाधर्माची कामं तेवढी मोकळी होती. हे कागद पिठाच्या खळीने चिकटवले होते, आणि वैशाखात शेळ्यांना खायला दुसरं होतं काय? त्यांनी दोन दिवसांत अर्ध्या गावातला कायदा फस्त केला. मग फौजदारांनी प्रत्येक कागदापाशी एकेक शिपाई उभा केला. त्यामुळे झालं असं, की माणसं जमू नयेत म्हणून लावलेल्या कागदाभोवती एक शिपाई, दोन शेळ्या आणि त्यांची गंमत बघणारी दहा माणसं जमायला लागली. मी त्या कामावर चार दिवस होतो. चारही दिवस ओठ चावून हसू दाबण्यात गेले.

फौजदार घाटावरून नुकतेच बदलून आले होते. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना सगळं ओळीत लागायचं, आणि आमच्या गावात गल्लीसुद्धा ओळीत जात नाही. माशाच्या वासाने त्यांचं डोकं दुखायचं, तर बंदोबस्त नेमका बंदराकडे असायचा. त्यांच्याकडे एक वही होती. बंदी घातलेल्या सगळ्या घोषणा त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलेल्या. त्या आम्हाला ओळखू याव्यात म्हणून रोज संध्याकाळी हजेरीच्या वेळी ते चौकीच्या अंगणात उभे राहून एकेक घोषणा मोठ्याने वाचून दाखवायचे. आवाज खणखणीत होता. कुंपणाबाहेर लोक ऐकायला येऊन उभे राहायचे, तेही चार-चारच्या टोळक्यात, कायद्याला धरून. गावात त्या महिन्यात सगळ्यांत जास्त घोषणा कोणी दिल्या असतील तर त्या आमच्या फौजदारांनी, असं मी आजही शपथेवर सांगेन.

मी वेळणेश्वराकडचा. आमचं घराणं दर्यावर जगणारं. वडील तांडेल होते, गलबत त्यांच्या शब्दावर चालायचं. एका वादळात गलबत खडकावर गेलं, माणसं वाचली, पण वडील त्यानंतर घराच्या पडवीतून समुद्राकडे बघतसुद्धा नसत. म्हणून मी पोलिसात आलो. पगाराच्या नोकरीला लागलेला घरातला मी पहिला. आई गावात कोणाकडेही ताक मागायला गेली तरी बोलता बोलता माझा पट्टा आणि पट्ट्यावरचं पितळ त्यात आणायचीच. लग्न होऊन तीन महिने झाले होते. पोलीस लाइनीत आम्हाला एक खोली मिळाली होती, आणि बायकोने खोलीच्या एकुलत्या खिडकीला जुन्या लुगड्याचा पडदा लावला होता. त्या पडद्याचा तिला इतका अभिमान होता, की ती तो दिवसातून चारदा उघडायची आणि चारदा लावायची. पट्टा गेला तर खोली जाणार, आणि खोली गेली तर पडद्यासकट आम्ही वडिलांच्या पडवीत. आमचं सगळं त्या पट्ट्यावर लटकलेलं होतं.

आता गाऱ्हाण्याबद्दल सांगायला हवं, कारण घाटावरच्या वाचकांना ते ठाऊक नसतं आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. आमच्याकडे कुठल्याही कामाआधी एक जाणता माणूस नारळ घेऊन देवापुढे उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीने मागणी मागतो. प्रत्येक मागणी संपली की जमलेले सगळे एका आवाजात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा’. पेरणीला गाऱ्हाणं, शिमग्याची पालखी उठताना गाऱ्हाणं, पावसाळ्यानंतर होडी पाण्यात लोटताना गाऱ्हाणं. पायातलं काढायचं, हात जोडायचे आणि मागणी संपली की ओरडायचं. हे कोणी शिकवत नाही. शाळेत मास्तर एखादं लांबलचक वाक्य वाचून दम घ्यायला थांबले, की मागच्या बाकावरून हमखास कोणीतरी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचा आणि मार खायचा. तो कोणीतरी बहुतेक मीच असायचो, आणि माझा आवाज भरल्या वाऱ्यात एका होडीवरून दुसऱ्या होडीवर पोचेल असा, त्यामुळे सापडायचोही मीच.

तर मांडवी बंदराच्या वाळूवर सभा होणार अशी बातमी आली. आम्ही आठ शिपाई आणि फौजदार दुपारी चारला तिथे हजर. मांडवीची वाळू काळी. वैशाखातल्या दुपारी ती किती तापते हे ज्याने अनवाणी पाय ठेवलाय त्यालाच माहीत. लोक आले ते चार-चारच्या घोळक्याने. घोळक्या-घोळक्यात दोन हात अंतर. सगळी वाळू भरली, पण पाचवा माणूस कुठेच नाही. फौजदार छत्री उघडून त्यातून फिरत होते आणि मोजत होते. दोन घोळके जरा जवळ आले की ते तिकडे धावायचे, तोवर इकडचे दोन एकमेकांना तंबाखू द्यायला जवळ यायचे. बायकांचे घोळके तर मुद्दाम त्यांच्या वाटेत उभे राहून आपल्यातल्या बायका मोजून दाखवत होते.

बोलणारे तिघे होते. पहिला तरुण वकील. तो उलट्या होडीवर चढला आणि ‘बंधू’ एवढंच म्हणाला, तोवर त्याला खाली घेतला. दुसरे शाळामास्तर, त्यांना ‘भगिनी’च्या पुढे जाता आलं नाही. तिसरा चढला आणि काहीच बोलला नाही, नुसता हसत उभा राहिला. आता हसण्याला जाहीरनाम्यात बंदी नव्हती. फौजदारांनी बराच विचार केला, वही चाळली, आणि शेवटी त्यालाही खाली घ्यायला लावलं. तिघांना आम्ही होडीच्या सावलीत बसवलं. आख्ख्या किनाऱ्यावर तेवढीच सावली होती, त्यामुळे लोक त्यांच्याकडे हेव्याने बघत होते.

मग कोणी पुढे येईना. लोक जाईनात. फौजदारांनी आम्हाला ओळीत उभं केलं आणि काठ्या सरळ धरायला सांगितल्या. समोर ओळखीचे चेहरे होते. त्यांतल्या कितीतरी जणांच्या घरी मी चहा प्यायलो होतो.

तेवढ्यात मांडवीचा म्हातारा पुढे आला. होड्यांची गाऱ्हाणी घालणारा म्हणून सगळं बंदर त्याला ओळखायचं. कमरेला लंगोटी, खांद्यावर पंचा, हातात शेंडीचा नारळ. फौजदारांनी विचारलं, हे काय. तो म्हणाला, दर्याला नारळ देतो. फौजदारांचा जीव भांड्यात पडला. देवाधर्माला बंदी नव्हती, आणि पूजा झाली की लोक आपापल्या घरी जातात हे त्यांनी घाटावर पाहिलेलं होतं. त्यांनी मान हलवून परवानगी दिली.

म्हाताऱ्याने समुद्राकडे तोंड केलं. नारळ दोन्ही हातांत धरला.

“बा दर्या म्हाराजा, आज ही तुजी लेकरं तुज्या दारात उभी हायत. त्यांचा नारळ गोड मानून घे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” किनारा म्हणाला. आणि आम्हीही म्हणालो. आठांतले सहा जण आम्ही कोकणातले होतो. कधी वहाणा काढल्या, कधी काठ्या काखेत गेल्या आणि हात जोडले गेले, ते आमचं आम्हाला कळलं नाही. कळलं ते तळपाय भाजले तेव्हा. पण गाऱ्हाणं चालू असताना वहाण घालायची नसते, म्हणून आम्ही सहा जण हात जोडून एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत उभे. घाटावरचे दोघे वहाणांसकट आमच्याकडे आ वासून बघत होते.

दुसऱ्या मागणीत त्याने तुरुंगात गेलेल्यांना सुखरूप ठेव म्हटलं. व्हय म्हाराजा. तिसरी आमच्यासाठी होती. काठ्या घेऊन उभे आहेत तीही तुझीच लेकरं, त्यांच्या डोक्यावरचं ऊन उतरव आणि त्यांचा हात हलका ठेव. याला तर आमच्या ओळीतून असा जोरात आवाज गेला, की फौजदार गर्रकन वळले. त्यांनी सहा अनवाणी शिपाई पाहिले. माझ्या सोबत्यांचे हात झटकन खाली आले, तोंडं मिटली.

म्हाताऱ्याने चौथी मागणी मागितली.

“ज्याला बोलायचा हाय त्याचा तोंड कोन दाबीत असंल, तर तो हात बाजूला कर रे म्हाराजा.”

किनारा ओरडला. पोलिसांच्या ओळीतून एकच आवाज गेला, आणि तो माझा होता. फौजदार माझ्यापासून चार हातांवर उभे होते.

नारळ फुटला. लोकांनी खोबऱ्याचे तुकडे घेतले आणि खरोखरच घरी गेले. एक काठी उठली नाही, एक दगड आला नाही. मला वाटलं, इतका छान बंदोबस्त जिल्ह्यात झाला नसेल. फौजदारांना तसं वाटलं नाही. त्यांनी त्या तिघांना समज देऊन सोडलं, म्हाताऱ्याला चौकीत बसवला, आणि वही काढून घोषणांच्या यादीत शेवटी ‘व्हय म्हाराजा’ लिहिलं. माझ्यावरचा अहवालही त्यांनी स्वतः लिहिला. सदर शिपायाने जमावासोबत चार वेळा घोषणा दिली, पैकी चौथ्या वेळी वरिष्ठाची नजर असतानाही दिली, आणि पायातल्या वहाणा काढून पळून जाण्याची तयारी केली, असं त्यात होतं. पट्टा उतरवावा ही शिफारस.

बायकोला सांगितलं तेव्हा ती आधी पोट धरून हसली. वहाणांच्या ठिकाणी तर तिला बसावं लागलं. मग तिची नजर खिडकीकडे गेली आणि हसू थांबलं. मला भीती वाटली ती तेव्हा. त्या रात्रीच्या जेवणाआधी तिने माझी तयारी करून घेतली. मोठे साहेब विचारतील, तेव्हा काय म्हणायचं? साहेब, आपसूक तोंडातून निसटलं. पुन्हा म्हणा. साहेब, आपसूक निसटलं. ती साहेब झाली होती, पाटावर बसून हातात पळी घेऊन. मी इतक्या वेळा ते म्हटलं की मला ते पाठ झालं.

मोठे साहेब म्हणजे जिल्ह्याचे पोलीस साहेब, गोरे, उतारवयाचे, मराठीची परीक्षा पास झालेले. त्यांचं मराठी पुस्तकातलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कचेरीत मी, फौजदार, म्हातारा, चार कारकून, दोन पट्टेवाले आणि दारात माझे पाच सोबती. फौजदारांनी अहवाल वाचला. साहेबांनी विचारलं, ही घोषणा आहे की प्रार्थना. फौजदार म्हणाले, प्रार्थनेला लोक असं ओरडून उत्तर देत नाहीत. मी म्हटलं, देतात साहेब, आमच्याकडे देतात, आणि तोंड आपसूक उघडतं. साहेब म्हणाले, तर मग मला दाखवा.

म्हातारा ऐकेना. तो म्हणाला, देवाला उगाच उठवायचा नसतो, खरी मागणी पाहिजे. साहेबांना काही मागायचं असेल तर सांगावं. कारकुनांनी माना खाली घातल्या. साहेब खिडकीकडे वळले आणि हळूच म्हणाले, की त्यांची मडम चार दिवसांपूर्वी मुंबईहून आगबोटीने विलायतेला निघाली आहे, तिला बोट लागते, आणि अजून तार आलेली नाही.

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम बदलला. बोटीवर माणूस गेलेलं असणं हे त्याला कळत होतं. त्याने बोट कुठल्या वाटेने जाते ते विचारलं आणि सांगितलं, की पाऊस लागायला अजून वेळ आहे, तोवर अरबस्तानाकडचा दर्या बरा असतो. मग नारळ मागवला आणि सगळ्यांना पायातलं काढायला लावलं. फौजदारांनीही काढलं. साहेबांनी आपल्या लांब बुटांच्या नाड्यांकडे पाहिलं, अंदाज घेतला आणि बूट न काढता डोक्यावरची टोपी काढली. ती काढता काढता त्यांना आपण चौकशी करतोय हे आठवलं असावं. ते करड्या आवाजात म्हणाले, “या खोलीतील कोणीही उत्तर देणार नाही. हा माझा हुकूम आहे.”

मी जीभ दाताखाली धरली.

म्हाताऱ्याने सुरू केलं. बा दर्या म्हाराजा, या साहेबाचं माणूस तुझ्या पाठीवर आहे, तिला बोट लागू देऊ नको, तिची तार लवकर धाड रे म्हाराजा. थोरल्या कारकुनाचे गाल फुगलेले मला दिसत होते. मग कोपऱ्यातला म्हातारा पट्टेवाला, सत्तावीस वर्षं नोकरी झालेला, कधी कोणाला उलट न बोललेला, तो म्हणाला, “व्हय म्हाराजा.” आणि धरण फुटलं. कारकून, पट्टेवाले, दारातले पाच जण, सगळे एकदम. दुसऱ्या मागणीला बाहेरच्या व्हरांड्यात दाद मागायला बसलेले लोकही उठले. तिसऱ्याला तर बाहेर साहेबांची घोडागाडी हाकणाऱ्याचा आवाज आला, त्याला आत काय चाललंय हेही माहीत नव्हतं. प्रत्येक वेळी सगळे दचकून हातांनी तोंड झाकत होते आणि पुढच्या वेळी पुन्हा ओरडत होते. मीही ओरडलो. साहेब टोपी छातीशी धरून उभे होते, आणि त्यांचे खांदे हलत होते. हसत होते की काय ते मला आजतागायत नक्की सांगता येत नाही.

नारळ फुटल्यावर साहेब खुर्चीत बसले. डोळे पुसले. त्यांनी फौजदारांना विचारलं, माझा हुकूम मोडल्याबद्दल मी आता सगळी कचेरी बडतर्फ करू काय. मग माझ्याकडे वळले.

“तू स्वतःच्या इच्छेने ओरडलास काय?”

“न्हाय साहेब. आपसूक निसटलं.”

साहेबांनी अहवालावर काहीतरी खरडलं. माझा पट्टा राहिला. आठ दिवस जादा कवायत मिळाली, ती मी उड्या मारत केली असती. गाऱ्हाण्याला घोषणा म्हणता येत नाही असं ठरल्यावर म्हाताऱ्याला धरून ठेवायलाही कारण उरलं नाही. दारातले माझे सोबती एकमेकांना कोपरं मारत होते. मला वाटत होतं, इथून लाइनीपर्यंत धावत जावं आणि बायकोला सांगावं की पडदा उघड.

म्हाताऱ्याला मीच फाटकापर्यंत पोचवायला गेलो. त्याने पंच्यातून खोबऱ्याचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, “पयल्या तीन सगळ्यांच्या होत्या. चवथी तुजी होती. मला आयकू आली.”

तो बंदराकडे निघून गेला.

खरी गोष्ट तेवढीच आहे. पहिल्या तीन वेळा तोंड आपसूक उघडलं होतं, यात खोटं काही नाही. पण चौथ्या वेळी सोबती गप्प झालेले मी पाहिले होते. फौजदार चार हातांवर दिसत होते. पट्टा, खोली, आई, पडदा, सगळं त्या वेळी डोक्यात येऊन गेलं, तेवढा वेळ मला मिळाला होता. म्हाताऱ्याने जे मागितलं ते मला पटलं, म्हणून मी म्हटलं. आयुष्यात वरिष्ठासमोर मी माझ्या मनाने बोललो ते तेवढे दोन शब्द. आणि दुसऱ्या दिवशी ते माझे नव्हतेच असं सांगून मी पट्टा वाचवला. खोबरं मी खिशात ठेवलं. ते खायला तोंड होईना.

मडमेची तार आली. साहेबांनी म्हाताऱ्याला पागोटं पाठवलं, ते त्याने होडीच्या नाळेला, पुढच्या टोकाला, बांधलं. फौजदार वर्षभरात बदली घेऊन घाटावर गेले. पुढे सात वर्षांनी लोकांनी निवडून दिलेलं सरकार आलं, मांडवीच्या वाळूवर हव्या तेवढ्या माणसांच्या सभा व्हायला लागल्या आणि मी तिथेच काठी घेऊन बंदोबस्ताला उभा राहिलो. तोवर म्हातारा वारला होता. बायकोला मी ही चौथ्याची गोष्ट कधी सांगितली नाही. तिने पढवलेलं उत्तर कामी आलं, असं ती अजून आनंदाने सगळ्यांना सांगते, पळीसकट.

आता आम्ही गावी असतो. गाऱ्हाणं असलं की मी पहिल्या तीन मागण्यांना सगळ्यांबरोबर म्हणतो. चौथ्या मागणीला मी थांबतो. सगळ्यांचं म्हणून होऊ देतो, मागणी काय होती ते मनात एकदा बघतो, आणि पटली तर मग एकटाच मोठ्याने ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. पोरं हसतात. लोकांना वाटतं मला म्हाताऱ्याला हल्ली उशिरा ऐकू येतं, आणि मी त्यांना तसं वाटू देतो.